साडेचार फुटांचा फरक

३ मार्च, मंगळवार

आमच्या घरातली बँकवाली चालली! दुसऱ्या गावच्या शाखेत बदली, पंधरा दिवसांत गाशा गुंडाळणार. मी वरवर आनंदानं ऐकलं — आणि बाथरूममध्ये जाऊन बोटांवर हिशेब केला. भाडं तिघींत वाटलं तेव्हा कुठे महिना निघतो. दोघींत वाटलं तर माझा अर्ध्याहून जास्त पगार घरमालकांच्या खिशात. एकतीस तारखेपर्यंत तिसरी मिळाली नाही तर घर सोडायचं. म्हणजे नोकरीही. म्हणजे परत दादाकडे.

५ मार्च

आईचा फोन. मागून दादा ओरडला, "ये की परत! इथं काय जागा नाही?" जागा! आई स्वतः त्याच्या हॉलमध्ये झोपते. तिचं शिलाई मशीन जिन्याखाली, भर दुपारी दिवा लावून लोकांचे कपडे शिवते. मी कुठं झोपू, मशीनवर?

८ मार्च, रविवार

दोघी मुली जागा बघून गेल्या. बँकवालीची खाट हॉलमध्ये, दार आणि स्वयंपाकघर यांच्या बरोब्बर मध्ये. पहिली म्हणाली, "खोली कुठाय?" "हीच." "ही तर जायची-यायची वाट आहे!" दुसरीनं तेवढंही विचारलं नाही.

सिस्टर माझ्या खोलीतली, हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी करून झोपली होती. पांघरुणातूनच म्हणाली, "जाहिरातीत फोटो नको टाकूस. नकाशा काढून टाक, कागदावर सगळी घरं मोठी दिसतात." खरंच की! आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे काढते, स्वतःचं कधी मोजलंच नाही.

९ मार्च

नकाशा जुळत नाही! आतली मापं आणि बाहेरच्या भिंतीचं माप यांत साडेचार फुटांचा फरक. सरांना दाखवलं. "टेप उलटी धरली होतीस का?" सगळं ऑफिस हसलं. नोकरीला दहा महिने झाले, आणि माझ्या नकाशात साडेचार फूट जाडीची भिंत! लाज लाज वाटली.

१० मार्च

पुन्हा मोजलं. तेवढाच फरक. मी बरोबर आहे!

१४ मार्च, शनिवार

हॉलमधलं ते अवाढव्य कपाट घराबरोबरच आलेलं. हलवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आज तिघींनी मिळून सरकवलं, माझी कंबर धरली आहे. मागे दार! दारामागे बंद केलेला लांबट व्हरांडा, जुन्या खुर्च्या, बोटभर धूळ, आणि खिडकीला चिकटवलेले जुने पेपर. पेपर फाडले तर ऊन थेट डोळ्यांवर.

"अगं, दहा महिने आपण ह्या जागेचंही भाडं देतोय!" सिस्टर किंचाळली. करार काढला. 'तीन खोल्या, स्वयंपाकघर वेगळे.' आम्ही आपल्या स्वयंपाकघर धरून तीन मोजत होतो! तिघी शिकलेल्या, आणि सही करताना एकीनंही वाचलं नाही. पोट दुखेपर्यंत हसलो.

१५ मार्च

घरमालक आले, डोकं खाजवत उभे. "आमच्या आईची अडगळ... कपाट लावलं आणि विसरलोच बघा." आणि लगेच, "आता भाडं थोडं वाढवावं लागेल." सिस्टर गोड आवाजात म्हणाली, "वाढवा की काका. आधी दहा महिने न वापरलेल्या खोलीचे पैसे परत करा." काका चहासुद्धा न घेता गेले. भाडं तेच!

१७ मार्च

आईला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. ती प्रश्नच विचारत सुटली. खिडकी कुठल्या बाजूला? ऊन किती वाजेपर्यंत? खाट टाकून पुढं किती जागा उरते? म्हटलं, जवळजवळ पाच फूट. "नीट मोजून सांगतेस ना?" मोजूनच सांगितलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्या घराचं तिला एवढं कौतुक! फार बरं वाटलं.

२१ मार्च, शनिवार

नकाशासकट जाहिरात टाकली. संध्याकाळपर्यंत चार फोन! एक लॅबवाली उद्या पैसे घेऊनच येतेय. सुटलो!

२२ मार्च, रविवार

सकाळी सातलाच आईचा फोन. "दिलीस का गं ती खोली कुणाला? देऊ नकोस. मी येतेय. माझ्या वाटणीचं भाडं माझं मी देणार. तेवढं सिस्टरला विचार, तिला चालेल ना." "अगं, पण आई..." एवढंच म्हटलं मी. तिला वाटलं, मी जागेचा विचार करतेय. म्हणाली, "मशीन तीन फुटांचं आहे. मोजलंय मी."