तांबड्या शाईतली ‘शुअरली’

शाहूपुरी, कोल्हापूर
१८ जानेवारी १९५३

तीर्थस्वरूप मामांस यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार. मुरगूडला थंडी फार असेल. तुमचे गुडघे काय म्हणतात? आम्ही सारी ठीक. (मी सोडून. ते सविस्तर लिहितो.)

निवृत्त हेडमास्तर अंबादासपंतांच्या श्यामलाशी माझं लग्न जमत आलं होतं. तेवढ्यात मास्तरांनी माझी नोकरी कायम आहे का, ते इंग्रजीत लिहून मागितलं. गुळाच्या पेढीवरची इंग्रजी पत्रं मीच लिहितो, तेव्हा मोठ्या ऐटीत कळवलं की पाडव्याला मी ‘शुअरली’ कायम होईन आणि मालक माझ्यावर ‘नो डाउट’ खूश आहेत.

चौथ्या दिवशी पत्र परत आलं, तांबड्या शाईने रंगून! ‘शुअरली’ म्हणजे लिहिणाराच धास्तावलेला असून समोरच्याने मान डोलवावी म्हणून आर्जव करतो आहे. पुरावा असेल तर ‘सर्टनली’ लिहावे. ‘नो डाउट’च्या मागून ‘बट’ येतो. तो कुठे लपवला आहे? (मामा, मी तर तिन्हींचा अर्थ ‘नक्की’ असाच घोकला होता.)

पुरावा मागायला मालकांकडे, बाळासोंकडे गेलो. ते म्हणाले, “पक्कं म्हंजे रं काय? मी हाय तवर तू हायस की!” याचं इंग्रजी करण्यात दुपार गेली. (मालकांचं वय सत्तर, आणि तांबडा रस्सा वाटीने नव्हे, तांब्याने पितात.)

शेवटी मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. मास्तर बाहेर गेलेले. दार श्यामलाने उघडलं, आणि तिच्या बोटांना तांबडी शाई! तिने सरळ मराठीत विचारलं, “नोकरी कायम आहे का?”

मी म्हणालो, “मला ठाऊक नाही.”

“मग तेवढंच लिहायचं. लपवाछपवी करणाऱ्याशी मला संसार करायचा नव्हता.”

त्या ‘नव्हता’चा अर्थ लावत मी घरी आलो. संध्याकाळी मास्तर स्वतः पेढे घेऊन हजर!

आपला भाचा,
यज्ञेश्वर

ता. क. : साखरपुडा येत्या रविवारी. मुलाकडचं वडीलधारं कोण, असं मास्तरांनी विचारलं. बाबा गेल्यावर दुसरं कोण आहे? तुमचं नाव सांगून बसलो.

ता. क. दुसरा : तुम्ही आईशी चार वर्षं बोलत नाही, हे श्यामलाला सांगितलं आहे. या पत्राचं आईला सांगितलेलं नाही. ती म्हणते, “दादा कसला येतोय!” आणि सकाळपासून कडबोळ्यांची भाजणी भाजते आहे. आमच्या घरात कडबोळी कुणीच खात नाही.