बांधाच्या कोपऱ्यातला चौकोन

प्रिय तायडे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. फाडू नकोस.

आपलं शेत नव्या रस्त्याखाली जाणार. त्याआधी जुन्या वस्तीचा शोध घ्यायला कॉलेजच्या एक बाई आणि त्यांचे विद्यार्थी सुतळ्या बांधून माती उकरतायत. मी नांगर घालायचो तिथं ही मंडळी ब्रश फिरवतात, म्हणून आधी हसू यायचं. वरच्या मातीखाली राख, त्याखाली जळालेले जवाचे दाणे, मग घराची चोपलेली जमीन, तिच्याखाली पुन्हा शेत. तीन हजार वर्षं इथं कुणी ना कुणी पेरतंय, बाई म्हणाल्या. बांधही तेव्हापासून जागचा हललेला नाही. आणि त्यानं वीतभर सरकवला असं समजून मी शेजाऱ्याशी हमरीतुमरीवर आलो होतो.

मागच्या आठवड्यात मातीखालच्या एका जुन्या घरात, चुलीला लागून, दोन मडकी निघाली. तोंडाला तोंड लावून पुरलेली. आत तान्ह्या बाळाची हाडं. त्या काळी गेलेलं बाळ घराबाहेर नेत नसत, आई वावरते तिथंच पुरून ठेवत, असं बाईंनी सांगितलं. आई तिथंच उभी होती. तशीच घरी गेली आणि जेवली नाही. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

काल बाईंनी बांधाच्या कोपऱ्यात, झाडाखाली, नवा चौकोन आखला. आई जाऊन सुतळीच्या आत बसली. काही केल्या उठेना. चारचौघांत शोभा नको, म्हणून मी चिडलो. शेवटी बाईंनी सगळ्यांना चहाला पिटाळलं, तेव्हा तिनं तोंड उघडलं.

तायडे, तुझं बाळ तिथं आहे. दवाखान्यातून बाबांनी परस्पर नेलं, तुला तोंडही पाहू दिलं नाही. कुठं ठेवलंत, म्हणून तू विचारत राहिलीस. बाबांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. जागा कळली तर पोरगी तिथून उठायचीच नाही, अशी भीती वाटली म्हणे आईला. त्यापायीच तू आम्हाला तोडलंस, हे तिला कळतं. मला हे कालच कळलं आणि फार राग आला, तिचा आणि बाबांचाही. तुझ्याच निळ्या शालीत गुंडाळलंय, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगते.

बाईंनी तो चौकोन सोडून दिला. रस्त्याची यंत्रं सोडणार नाहीत, ती सोमवारी येतायत. बाळाला दुसरीकडं हलवावं म्हणून मी पहार घेऊन गेलो होतो, पण आईनं हात लावू दिला नाही. या वेळी आधी तायडीनं बघायचं, म्हणाली. ती अजून तिथंच बसली आहे. तू ये.

तुझाच,
धाकटा