फळीवरचे तेवीस मिक्सर

४ जानेवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका मी कुणाला सांगितलेल्या नाहीत, हिलासुद्धा नाही. छापखाना बंद होऊन दोन महिने झाले, तरी हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो, त्याला काय करू?

आता बातमी. आधी बसून घे. चष्म्याच्या काचा घासायचा एक कारखाना आहे, तिथे दुपारचं जेवण द्यायचं मी कबूल केलं आहे. बत्तीस माणसं, एक फेब्रुवारीपासून. हसून झालं असेल तर पुढे वाच. वीस वर्षं घरात स्वैपाक मीच करतोय आणि तो खाऊन अजून कुणी दगावलेलं नाही. ही शिवणकाम सांभाळून कांदे चिरून देणार आहे. कारखान्याच्या मॅनेजरबाईंची अट एकच. घंटा एक वाजता होते, तेव्हा जेवण टेबलावर हवं. पहिल्या महिन्यात एक दिवस जरी उशीर झाला तरी काम दुसऱ्याला. दुसरा माणूस ठरलेलाही आहे, हे त्यांनी अगदी हसतमुखाने सांगितलं.

अडलंय ते मिक्सरपाशी. घरातला दोन माणसांपुरता. बत्तीस जणांचं वाटण त्यात घातलं तर त्याला आणि मला एकदमच झटका येईल. पैसे एकच मोठा मिक्सर घेण्यापुरते आहेत. निवड चुकली तर दुसरा नाही, आणि मग कामही नाही. दुकानदाराने परवा एक दाखवला. काचेचा चेहरा, बटण एकही नाही, नुसतं बोट टेकवायचं. सतरा प्रकारांनी फिरतो आणि फिरताना आतून निळा उजेड पडतो. दुकानदार म्हणाला, हा मिक्सर स्वतः विचार करतो. मला बरं वाटलं. घरात कुणीतरी करायला हवा. पण तुझी बोलणी खाल्ल्याशिवाय मी आजवर मोठी वस्तू घेतलेली नाही, तेव्हा लौकर कळव.

भावोजींना नमस्कार. लोभ चालू आहे तसाच चालू ठेव. त्याला सुट्टी देऊ नकोस.

तुझा
धाकटा


९ जानेवारी

चि. खोडरबर यास,
अ. उ. आ.

चुका सात नव्हे, आठ होत्या. एक मी मुद्दाम घातली होती, ती तुला सापडली नाही.

कारखान्याचं वाचून हसले नाही. तुझे भावोजी हसले, त्यांना मी दिवसभर त्यांच्या हातचं खायला घातलं. आता कुणी हसत नाही.

निळा उजेड कशाला रे? वाटणाला अंधाराची भीती वाटते का? आणि विचार करणाऱ्या वस्तूंपासून लांब राहा. गेल्या वर्षी मीही असंच नऊ पात्यांचं यंत्र घरात आणलं. पाचव्या महिन्यात त्याच्या झाकणाचा खटका मोडला. नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा. कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी साखरेत घोळून म्हणाली, तो भाग आता येत नाही मॅडम, नवीन यंत्र घ्या. म्हणजे नख तुटलं तर नवरा बदला. भावोजी शेजारीच बसले होते, त्यांनी गुपचूप आपली नखं तपासली.

तेव्हा माझं ऐक. विकणाऱ्याला काही विचारू नकोस, त्याच्या पोटापुरतं खरं तो बोलतो. दुरुस्त करणाऱ्याकडे जा. ज्याने वस्तूचं पोट उघडून पाहिलंय त्यालाच तिची नियत माहीत. तुमच्या भागात असं कुणी असेलच. तिथे जाऊन बस, बघ, आणि जे दिसेल ते कळव. तोवर पाकीट बायकोकडे ठेवायला दे.

आशीर्वाद भरपूर आहेत, अक्कल मात्र थोडी तुझी वापर.

ताई


१५ जानेवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे केलं. आमच्या बाजारामागच्या गल्लीत, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा एवढं दुकान आहे. चालवतात एक बाई. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीबाई म्हणते. त्यांचं काम बघत राहावंसं वाटतं. मोटर उघडायच्या आधी तिला कान लावतात, डोळे मिटतात, आणि मग एकच स्क्रू सोडवतात. नेमका तोच. आमच्या छापखान्यातसुद्धा इतक्या कमी खाडाखोडीत काम करणारं कुणी नव्हतं, मी धरून.

बोलायला त्यांना सवड नव्हती आणि मला धीर. म्हणून स्टुलावर बसून मी माझ्या पद्धतीने काम केलं. फळीवर दुरुस्तीला आलेले मिक्सर मोजले. एकूण एकेचाळीस. त्यात एकाच बनावटीचे, ठेंगणे, पत्र्याचे, दिसायला हवालदारासारखे, असे तेवीस! आणि तो काचेचा? एकही नाही, ताई. तासभर शोधला. प्रूफ वाचताना खिळे जुळवणाऱ्या ज्या जुळाऱ्याच्या पानात चुका जास्त तो कच्चा, आणि ज्याचं पान कोरं परत जातं तो पक्का. इथेही हिशेब तोच. ठेंगणा म्हणजे रोजचं दुखणं, आणि काचेचा निरोगी. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

शनिवारी, पंचवीस तारखेला, काचेचा आणतो. तुझ्या सल्ल्यामुळे डोळ्यांनी खात्री झाली, याबद्दल आभार.

माया आहे ती राहू दे, वर थोडं कौतुकही केलंस तर नाही म्हणणार नाही.

तुझा
धाकटा


१९ जानेवारी

चि. खोडरबर यास,
अ. उ. आ.

घेऊ नकोस. हे पत्र पोचेल तेव्हा दुकानाच्या पायरीवर असलास तर तिथूनच मागे फीर.

तुझं वाचून मीही आधी म्हटलं, वा, पोरगं तयार झालं. भावोजींना वाचूनही दाखवलं. मग दवाखान्यात गेले. तुला ठाऊक आहे, माझं आयुष्य रुग्णांच्या जुन्या फायली लावण्यात गेलं. आज एक आजोबा आले. त्यांची फाइल दोन्ही हातांनी उचलावी लागते. चौतीस वर्षं येताहेत. गुडघा, डोळा, पित्त, पुन्हा गुडघा. जाताना मलाच म्हणाले, तब्येतीला जपा. आणि त्यांच्याच खणात एका पानाच्या कितीतरी फायली आहेत. त्या माणसांना पुन्हा यावं लागलं नाही. का, ते मला विचारू नकोस.

फाइल हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. अरे शहाण्या, दुरुस्तीच्या फळीवर कोण येतं? ज्याला बरं व्हायची आशा आहे तो. तू एकेचाळीस मोजलेस, पण तुझ्या मोजणीत मेलेले कुठे आहेत?

उद्याच्या उद्या मिस्त्रीबाईंना विचार, काचेचे जातात कुठे. तोंड उघड. एवढं वय झालं, चावत नाहीत बायका. मी सोडून.

आशीर्वाद आहेतच, उत्तर मात्र हातोहात हवं.

ताई


२४ जानेवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. मिस्त्रीबाईंनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं आणि म्हणाल्या, चला. दुकानामागे भंगारवाल्यासाठी भरून ठेवलेली पोती होती. एक उपडं केलं. अकरा काचेचे, ताई. एकाचंही वय दोन वर्षांवर नाही. तळाशी स्क्रूच नाहीत, सगळं चिकटवून टाकलेलं. बाई म्हणाल्या, ‘‘जे उघडत नाही ते माझ्या फळीवर चढत नाही. दारातूनच परत जातं.’’ मालक परत नेतही नाहीत, तिथेच ठेवून जातात.

मग त्यांनी एक ठेंगणा उघडला. आत झाकणाच्या पाठीमागे पेन्सिलीने तारखा, बाईंच्या अक्षरात. एकूण सहा, पहिली चौदा वर्षांपूर्वीची. मी तेवीस आजारी मोजले होते. ते तेवीस म्हातारे होते, टुणटुणीत. लाजेने कानाची पाळी तापली. तीस वर्षं चुका मोजल्या, पण चूक दुरुस्त होते म्हणूनच ती दिसते, एवढं साधं कधी सुचलं नाही.

त्याच बनावटीचा एक मोठा मिक्सर त्यांच्याकडे विकायला होता. त्यांनी नव्या वायरी घालून तयार केलेला. माझ्या पैशांत तो बसला आणि वर थोडे उरले, त्यात सुटे भाग घ्यायला लावले. भांडं आणि मोटर यांना जोडणारं एक दातेरी रबरी चाक असतं, त्याला कपलर म्हणतात. जोर पडला की आधी ते तुटतं, म्हणून मोटर वाचते. ‘मुद्दामच दुबळं ठेवलंय’, बाई म्हणाल्या. मला ते फार आवडलं. दोन कपलर घेतले.

पण मिक्सर लगेच हातात दिला नाही! समोर बसवून तीनदा उघडायला आणि जोडायला लावला. कपलरचे आटे उलटे असतात. दोनदा मी सुलट्या दिशेने जोर लावला, दोनदा त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, शाळेत पट्टी काढून घेतात तसा. तिसऱ्यांदा तो माझ्याच हातात राहू दिला. हिचं म्हणणं, पंचवीस वर्षांत मी तिचं एवढं ऐकलेलं नाही.

तुझी माया आणि तुझी जीभ, दोन्हींची धार अशीच राहो.

तुझा
धाकटा


२ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. सकाळी साडेपाचपासून भाज्यांशी बोलत असतो, माणसांसाठी शब्द उरत नाहीत.

एकोणीस तारखेचं सांगतो. बारा वाजून पाच मिनिटं. अर्धं वाटण झालेलं, अर्धं भांड्यात, आणि मिक्सर नुसता घोंघावायला लागला. पातं फिरेना. जळक्या रबराचा वास. हिने हातातली सुरी खाली ठेवली. तिच्याही डोळ्यांपुढे तो ठरलेला दुसरा माणूस आला असावा. पहिला स्क्रू दोनदा निसटला. मग मी मिस्त्रीबाईंसारखे डोळे मिटले. काही ऐकू आलं नाही, पण स्क्रू सुटला. उलटे आटे, उलटे आटे, असं पुटपुटत जुना कपलर काढला, नवा बसवला. अकरा मिनिटं. ही म्हणते नऊ. पण ती माझ्या बाजूची आहे.

बारा चोपन्नला जेवण टेबलावर होतं. मॅनेजरबाईंनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. चमचाभर चाखून म्हणाल्या, मीठ थोडं कमी आहे.

काल त्यांनी वर्षभराचं काम कायम केलं. बातमी आधी मिस्त्रीबाईंना जाऊन सांगितली, मग तुला लिहायला बसलो. यावर रुसू नकोस.

लोभात घट नको, एवढंच मागणं.

तुझा
धाकटा


७ मार्च

चि. खोडरबर यास,
अ. उ. आ.

रुसले नाही. मीही आधी त्यांनाच सांगितलं असतं.

बत्तीस माणसं जेवायला बसली, मिठावरून कुरकुरली, हात धुऊन कामाला लागली. आणि त्या दिवशी काही मोडलं होतं हे त्यांच्यापैकी एकालाही कळलं नाही. तीस वर्षं तू हेच तर करत आलास. पुस्तक सरळ वाचून संपतं आणि मध्ये कुणी किती निस्तरलं ते वाचणाऱ्याला दिसत नाही. मला दिसतं. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. आज ‘मला दिसतं’ हे वाक्य दोनदा लिहून खोडलं, तिसऱ्यांदा तसंच राहू दिलं आहे. त्यात चूक सापडली तरी हात लावू नकोस.

दोघांना पोटभर आशीर्वाद.

ताई