हुकाला गाडी लागली की

दादा,

जड वाहनाचा परवाना काल हातात आला. आपला रिकामा टोइंग ट्रक तू मला चालवू द्यायचास, पण हुकाला बंद गाडी लागली की म्हणायचास, "सरक तिकडे." मला ती दादागिरी वाटायची. त्यावरूनच मी अबोला धरला, आणि तो सुटायच्या आत तू अपघातात गेलास.

परीक्षेच्या वेळी साहेबांनी समजावलं, "साध्या परवान्यावर रिकामा ट्रक चालतो. मागे गाडी लागली की एकूण वजन वाढतं, मग जड वाहनाचा परवाना लागतो." एवढंच होतं होय? एकदा तोंडाने सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मीही विचारलं नाही म्हणा.

तुझी चेपलेली गाडी चार महिने पोलिसांच्या आवारात पडून होती. दुसऱ्या कुणाला मी ती ओढू दिली नाही. वहिनी म्हणाल्या, "आता तरी घेऊन या." आज गेलो. हुक लावला, साखळी दोनदा ओढून पाहिली, आणि सवयीने शेजारच्या सीटवर चढून बसलो.

ट्रक अजून का निघत नाही, हे कळायला बराच वेळ लागला.

तुझा,
सरकून बसलेला धाकटा