अप्पांचं मशीन आणि तुझी विणलेली केबल

रोहा, रविवार, ११ फेब्रुवारी २०२४. सकाळी नळाला पाणी आलं. भात-आमटी केली, जेवलो. काशीआत्या निडीला आपल्या घरी गेली.

प्रिय मन्सूरभाई यांस सलाम. (शाळेत नुसता मन्सूर होतास, पण दुबईहून परतलेल्या माणसाला मान द्यावा लागतो.) अम्मींचे गुडघे कसे आहेत? रिझवानावहिनींना नमस्कार सांग. मी ठीक आहे.

तू पेणहून पाठवलेली स्पीकरची केबल पोचली. तिने काय केलं ते सविस्तर लिहितो.

अप्पांच्या दहाव्याला कुंडलिकेच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. तुळशीला रोज पाणी घालू म्हणालो, तो हलला नाही. माझं लगीन लावू असं आत्या म्हणाली, तर आणखी वरच्या फांदीवर गेला. शेवटी तिने हात जोडले, "दादा, तुजी मशीन इकनार नाय. महिन्याला तुजी भजनं वाजवू." लगेच खाली आला. वचन तिने दिलं, निभावायचं मी. मशीन म्हणजे अप्पांचा अॅम्प्लिफायर. माणसाला ऐकू येतं त्याच्या कितीतरी वरचे आवाजही तो काढतो म्हणे. (अप्पांचा जन्म कारखान्यात बॉयलरजवळ गेला. त्यांना दाराची बेलसुद्धा ऐकू यायची नाही.)

जुन्या तारा उंदरांनी खाल्ल्या होत्या, म्हणून परवा तुझी केबल लावून तालीम घेतली. अंगठ्याएवढी जाड, बारीक तारांची घट्ट वेणी घातलेली. खोलीत पसारा नको म्हणून मी दोन हातभर तुकडे कापून जोडले. आवाज आला नाही. मशीन मात्र तव्यासारखं तापलं आणि जळका वास सुटला. मी बटण बंद केलं.

"दादा रागावलाय," आत्या म्हणाली.

"आत्या, वायरीत काय तरी हाय."

"वायर झ्याक हाय. नवऱ्याच्या गल्यात घालावी अशी. तुजं नशीब नाय, ती गोष्ट येगली."

तिने मशीनवरून मीठ-मिरच्या उतरवून शेगडीत टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर. (खिडक्या सताड उघड्या होत्या.)

मग कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्याने पहिलंच विचारलं, केबल विणलेली आहे का? अशा मशीनला विणलेली, आखूड केबल सोसत नाही. ते आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात आतल्या आत ओरडत राहतं आणि तापतं. साधी दोन पदरी वायर घ्या, पदरांमध्ये थोडं अंतर असू दे, दोन्ही बाजूंना सारखी आणि चांगली लांब ठेवा.

फोन स्पीकरवर होता. "बग, वरडतोय म्हनला ना?" आत्या म्हणाली, आणि आज पिशवी भरून निघाली. उद्या येणार नाही म्हणते.

उडालेला फ्यूज बदलला, साधी वायर लावली. बातम्या लावून पाहिल्या. मशीन जेमतेम कोमट झालं.

तुझा,
हरेश

ता. क. उद्या अप्पांचा महिना. भजनं मी अजून लावलेली नाहीत. त्यांच्या खुर्चीत कोणी बसलेलं असेल तर बटण दाबता येईल. पत्राचा फोटो आजच मोबाइलवर पाठवतो, उद्या दुपारच्या गाडीने ये. येताना काही आणू नकोस, केबल तर नकोच.

ता. क. २. उरलेली केबल परत मागू नकोस. परसात बांधली आहे, ओल्या चादरीनेही वाकत नाही. ऊन उतरलं. उठतो आणि तिच्यावरचे वाळलेले कपडे काढतो.