ट्रम्पेटमधलं पाणी

३ जुलै

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कीर्तीने आमच्या जिन्याची वाट लावली आहे. तरुणपणी तू इथे ट्रम्पेट घुमवायचास, हे कुठल्याशा मुलाखतीत बरळलास. तेव्हापासून केसाळ पोरं येतात, भिंतीला कान लावतात आणि माना डोलावतात. काल एकाने प्लास्टरचा तुकडा आठवण म्हणून खिशात घातला. शेजारीण जाब मला विचारते.

त्यांचा म्होरक्या जटायू. नाव मी ठेवलंय, केस पाहशील तर पटेल. रॉक गिटारवाला, मोठं प्रस्थ आहे म्हणे. तुझ्या जुन्या जॅझ रेकॉर्डवर सोलोच्या ऐन मध्यावर तू एकदम गप्प होतोस, त्या शांततेवर त्याची अख्खी कारकीर्द उभी आहे. आता त्याचं बघून सगळेच बँडवाले तसे थांबतात. अठरा तारखेला त्याचा कार्यक्रम आहे, त्यात तू तो सोलो त्याच्यासोबत वाजवावास, असा त्याचा हट्ट आहे. काय कळवू?

लोभ आहे तेवढा पुरे; वाढला तर जिना कोसळेल.

तुझी,
धाकटी

७ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

नाही म्हणून कळव. वारलो म्हटलंस तरी चालेल.

त्या शांततेचं ऐक. फुंकताना नळीत थुंकी साचते, सूर गुळगुळतो. मी थांबलो, कळ दाबली, पाणी जमिनीवर सोडलं आणि पुढे वाजवलं. पुन्हा वाजवून घ्यायला स्टुडिओवाल्याला वेळ नव्हता. गिटारमध्ये थुंकी नसते. हे लोक थांबून काय काढतात देव जाणे.

खरं कारण वेगळं आहे. पुढचे दात हलताहेत, पंधरा तारखेला डॉक्टरीणबाई ते काढणार. मग ट्रम्पेट कायमचा बंद. ओठांना मागून आधार नको का? वरचा सूर आत्ताच फसतो. लोकांपुढे शोभा करून घेण्यापेक्षा रेकॉर्डवरचा मी बरा. घरात वाजवत नाही, म्हणून तुझी वहिनी खुशीत आहे.

माया कमी करू नकोस.

तुझा,
दादा

११ जुलै

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तू वारलास असं सांगायला तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं, थुंकीचंही, दातांचंही. जटायू पायरीवर बसला. मला वाटलं रडतोय, तर हसत होता. म्हणाला, रेकॉर्डवरच्या त्या क्षणी तू मृत्यूचा विचार करत होतास असं तो आजवर लोकांना सांगत आलाय. मग म्हणाला, सूर पडला तर मी खालून उचलेन, पण त्यांनी यावं.

डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. दात वीसपर्यंत थांबतील म्हणाल्या. तेव्हा मऊ जेव आणि ये. नाही आलास, तर श्रद्धांजली मीच लिहीन, आणि माझी लेखणी तुला ठाऊक आहे.

धाकटी

२३ जुलै

ति. दादास,
सा. न. वि. वि.

दात निघाले, बोलायची मनाई आहे, असं वहिनीने कळवलं. बरं व्हायची घाई करू नये, असं तिचं मत दिसलं.

अठराचा कार्यक्रम कसा झाला म्हणून चिठ्ठीत विचारलंस. वरचा सूर फसला, ते काही लपलं नाही. जटायूने खालून धरला, तेव्हा तू त्याच्याकडे असं पाहिलंस की बिचारा दोन पावलं मागे सरला. मग तू तोच सूर एकट्याने पुन्हा घेतलास. लागला, दादा. ओठावर रक्त होतं. माझ्या पुढच्या बाईंना ती लाली वाटली.

घरच्यांनी टाळ्या वाजवल्या की माणूस शेफारतो, असं आई म्हणायची. म्हणून तुझ्या प्रत्येक कार्यक्रमात मी हात मांडीवर ठेवून बसत आले. त्या दिवशी मागच्या सगळ्या धरून वाजवल्या. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

तुझी,
धाकटी