लाल दिव्याची पातळी ऐंशी अंशांवर परत आणण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
नगर उष्णता पुरवठा केंद्र,
दोल्नी यावोर, बल्गेरिया

विषय: पंपांच्या बेअरिंगवरील इशारा दिव्यात परस्पर केलेल्या बदलाबाबत.
संदर्भ: आपले दि. १४ नोव्हेंबर १९८३ चे 'कारणे दाखवा' पत्र.

महोदय,

१. 'सदोष कम्पॅरेटर सर्किटमुळे अपघात' हे आपले वाक्य वाचून माझे डोके फिरले, हे आधीच नमूद करते. सर्किट मी बनवले. बेअरिंगमधल्या तापमापकाचे व्होल्टेज ते एका ठरवून दिलेल्या व्होल्टेजशी ताडून पाहते. तापमान ऐंशीच्या वर गेले की लाल दिवा लागतो आणि चौऱ्याहत्तरच्या खाली येईपर्यंत विझत नाही. दोन वर्षांत ते एकदाही चुकलेले नाही.

२. चुकले ते आपले स्पर्धा मंडळ. महिनाभर लाल दिवा न लागलेल्या पाळीला आदर्श पाळीचा झेंडा, हा नियम कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला? मंडळाचे चिटणीस ल्युबेन दोब्रेव माझ्याकडे येऊन म्हणाले होते, "कॉम्रेड बाई, तुमचा दिवा पेटला की आमचा झेंडा जातो. जरा समजूतदार दिवा द्या ना." मी त्यांना हाकलून दिले. सप्टेंबरात मला द्राक्षतोडणीच्या तुकडीत धाडण्यात आले आणि त्या तीन आठवड्यांत कोणीतरी दोन्ही पंपांच्या सर्किटमधले, ते ठरावीक व्होल्टेज पक्के करणारे रोधक (रेझिस्टर) बदलले. दिवा आता एकशेवीसला लागतो. झेंडा मिळाला. आपण त्याच्याशेजारी उभे राहून फोटोही काढलात.

३. अपघाताच्या वेळी पहिल्या पंपाचे चालक स्तामेनकाका झोपले होते, असे मी लिहून दिल्यास माझ्यावरील ठपका काढण्याची तयारी आपण दाखवलीत. मी तसे लिहिणार नाही. त्यांचा उजवा हात गेला आहे. इस्पितळात ते मला म्हणाले, "पोरी, जळका वास येत होता. पण तुझा दिवा लागला नव्हता, म्हणून हात लावून बघायला गेलो आणि बेअरिंग फुटले." महोदय, हे ऐकल्यापासून मला कोणाच्याही डोळ्याला डोळा भिडवता येत नाही.

४. दुसऱ्या पंपाचा रोधक बदलण्यासाठी मी तीन वेळा परवानगी मागितली. उत्तर आले, महिनाअखेरपर्यंत थांबा. त्या पंपावर दोन मुलांची आई असलेली नेव्यान्का काम करते.

५. आज सकाळी अकरा वाजता मी परवानगीशिवाय मूळ रोधक बसवला. दिवा तत्क्षणी लागला. मी पंप बंद केला आहे, नेव्यान्काला घरी पाठवले आहे आणि खोलीला आतून कडी लावून हा अर्ज लिहीत आहे. अर्धे शहर गारठेल, याची मला कल्पना आहे. दिवा अजून विझलेला नाही.

आपली, अजून तरी नम्र,
झ्लात्का मिन्चेवा
उपकरण अभियंता
दि. १७ नोव्हेंबर १९८३

सोबत: मूळ आराखडा; काढलेला रोधक.